शाई कुठे जाते

घरच्या प्रिंटरची शाई छपाईतच संपते असं आपण धरून चालतो. पण जिथे प्रिंट क्वचित निघते तिथे बरीच शाई जाते हेड क्लीनिंगला. नोझलमधून ओढलेली शाई आतल्या स्पंजात मुरते, पानावर थेंबही येत नाही. म्हणून आधी नोझल चेकचं पान काढावं. रेघा तुटक दिसल्या तरच क्लीनिंग.

*

रत्नागिरीत पाऊस लागला की लाईटचा भरवसा नाही. छपाई चालू असताना लाईट गेली तर हेड वाटेतच उघडं राहतं. लाईट आल्यावर प्रिंटर चालू करून त्याच्याच बटणाने बंद करावा; मग हेड जागेवर जाऊन त्यावर टोपण बसतं. भिंतीवरचं बटण त्यानंतर. घरोघरी नेमकं उलट चालतं आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण नीट बंद करण्यात खर्च काहीच नाही.

*

सर्द कागदावर अक्षर फुटतं, मग तेच पान दुसऱ्यांदा. उघडलेली रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात.

*

आंबेवाल्यांचा प्रिंटर एप्रिल-मेमध्ये पेट्यांची लेबलं काढतो आणि मग पुढच्या हंगामापर्यंत झाकून पडतो. नोझल तुंबतात त्या इथेच. पंधरवड्याला चारही रंगांचं एक छोटं पान काढलं तर तेवढी शाई नंतरच्या क्लीनिंगपेक्षा कितीतरी कमी.

लेबलाला भगवी पार्श्वभूमी छापू नये. पिवळा कागद आणावा, त्यावर काळी अक्षरं. हापूसला २०१८ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. म्हणून त्याच्या पेटीवर बागायतदाराचं नाव-गाव स्वच्छ वाचता यायला हवं. तिथे शाई जाऊ दे.

*

ड्राफ्ट मोड मराठीला जपून वापरावा. बारीक अक्षरात अनुस्वार आणि रफार आधी पुसट होतात. मुलांच्या सराव प्रश्नांना ड्राफ्ट चालेल, फक्त अक्षर मोठं ठेवावं. अर्ज आणि सातबारा नेहमीच्याच मोडमध्ये.

*

काळा मजकूरही रंगीत सेटिंगमध्ये काही प्रिंटर रंग मिसळून छापतात. ग्रेस्केल निवडावं.

*

मुंबईला निघताना कोकण रेल्वेच्या ई-तिकिटाची प्रिंट अजून बरेच जण काढतात, तीही रंगीत, जाहिरातीसकट. मोबाईलवरचं तिकीट आणि मूळ ओळखपत्र पुरतं. आजी-आजोबांना कागद हातात हवा असेल तर जरूर काढावी, पण पहिलंच पान, काळ्या शाईत.