आपला गळ कोणता?



आजचा लेख गळाने मासे धरण्यावर आहे. शाळेच्या लेखात मासे कुठून आले असं तुम्हाला वाटेल. पण गेल्या काही वर्षांत अध्यापनाबद्दल मी जे शिकलो, त्यातलं बरंच नदीच्या काठावर शिकलो, आणि तेही माझ्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्याकडून. त्यात माझी एक चूकही आहे. ती आधीच सांगून टाकतो.

मी पेठ वडगावात राहतो. शाळा वारणेकाठच्या एका गावात, जिल्हा परिषदेची. आमचं वडगाव दोन नद्यांच्या मधे आहे. दक्षिणेला पंचगंगा, ती पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. उत्तरेला वारणा, ती चांदोलीच्या धरणातून येते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. एवढं पाणी जवळ असूनही वयाच्या तिशीपर्यंत मी कधी गळ हातात धरला नव्हता. डी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं, आणि मग एका सुट्टीत मोबाईलवर अमेरिकेतल्या बास माशाच्या मासेमारीचे व्हिडिओ बघण्याचा नाद लागला.

बास हा तिकडच्या तळ्यांतला शिकारी मासा. गवतात, बुडालेल्या झाडांत दबा धरून बसतो आणि समोरून काही हललं की झडप घालतो. म्हणून त्याच्यासाठी रबरी गांडूळ, रबरी बेडूक, चकाकणाऱ्या पत्र्याचे मासे असली खोटी आमिषं वापरतात. व्हिडिओतला माणूस इतक्या खात्रीने बोलायचा, की मी त्याच्याकडे होती तशीच काठी आणि तशीच रीळ ऑनलाइन मागवली. साडेचार हजार गेले. घरात काय सांगितलं ते विचारू नका.

चार रविवार वारणेवर उभा राहिलो. एकही मासा लागला नाही. ती रीळ 'बेटकास्टर' प्रकारची होती. तिच्यातून हलकं आमिष फेकताना अंगठ्याने दोरा बरोबर दाबला नाही, तर चाक पुढं पळतं आणि दोऱ्याचा गुंता होतो. पहिल्या रविवारचा निम्मा वेळ मी सुगरणीचं खोपं सोडवत बसलो होतो. तिसऱ्या रविवारी गळ बोटात घुसला. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो, त्यामुळे तो आत जातो पण बाहेर येत नाही. दवाखान्यात जाऊन काढून घ्यावा लागला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं.

चौथ्या रविवारी मागून आवाज आला, "सर, तुमी लई लांब टाकताय."

तो माझ्या चौथीच्या वर्गातला मुलगा होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही. हातात वेळवाची काठी, तिला बांधलेला तंगूस, बारका गळ, तरंगायला थर्माकोलचा तुकडा. शेजारच्या बादलीत आठ-दहा चिलापी. पलीकडे त्याचे आजोबा बसले होते.

आता माझी चूक सांगतो. ही २०२० साली पहिलीत दाखल झालेली मुलं. पहिलीचं वर्ष घरात गेलं, दुसरीचाही बराच भाग तसाच. चौथीत आली तरी काहींना वाचता येत नव्हतं, आणि हा त्यातलाच एक. मी त्याच्यासाठी काही केलं नाही असं नाही. प्रशिक्षणात मिळालेली शब्दकार्डं, तक्ते, पाठ्यपुस्तकातले उतारे, सगळं झालं. उपयोग झाला नाही. आणि एका पालकसभेत, दहा-बारा लोकांसमोर, त्याच्या आजोबांना मी म्हणालो होतो, "आबा, ह्याचं शाळेत लक्ष नाही. हा नदीवरच बरा."

लोक हसले होते. मीही हसलो होतो. त्यानंतर त्याची हजेरी कमी होत गेली. मी वहीत 'अनियमित' असा शेरा लिहिला आणि पुढच्या मुलाकडे वळलो.

त्या रविवारी मी आजोबांना विचारलं, "आबा, पोरगं शाळेला का येत नाही?"

ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमीच म्हणला हुता की, ह्यो नदीवरच बरा. मग आमी बी म्हणलं, असू दे."

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. गुरुजींनी सांगितलं म्हणजे बरोबरच असेल, एवढाच विश्वास होता. मला काठीचा दोरा गुंडाळायचंही सुचेना. आपण सहज बोलतो ते वाक्य एखाद्या घरात निकाल म्हणून जातं, हे मला त्या दिवशी कळलं.

माझी ती अवस्था त्या पोराला दिसली की नाही, माहीत नाही. तो माझी पेटी उघडून आतलं सामान बघत होता. मग त्याने माझी तपासणी सुरू केली. "ह्यो गळ केवढा मोठा हाय! चिलापीचं तोंड केवढं, सर?" मी गप्प. चिलापीचं तोंड लहान असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. "आणि चिलापी काठालाच असती. तुमी पार मधी टाकताय."

त्याने मला १० नंबरचा गळ लावून दिला. तंगूस बारीक, वर एक लहानसं शिसं, तरंगा हातभर वर, आमिष म्हणून गांडुळाचा छोटा तुकडा. काठापासून जेमतेम दोन काठ्यांवर टाकायला लावला. दहा मिनिटांत चिलापी लागली. वीतभर असेल. पण चार रविवारांनंतरची ती वीत मला फार मोठी वाटली.

ज्यांना या छंदाची आवड आहे त्यांच्यासाठी, मी त्या पोराकडून आणि पुढे स्वतःच्या चुकांतून जे शिकलो ते थोडक्यात लिहितो.

पहिलं म्हणजे, सामान घेण्याआधी मासा ठरवा. आणि मासा ठरवण्याआधी पाणी बघा. माशाचं तोंड बघितलं की तो कुठं खातो ते समजतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. मृगळाचं तोंड खाली, तो तळाशी खातो. रोहू मधल्या थरात. म्हणून तर शेततळ्यात हे तिन्ही मासे एकत्र सोडतात, एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. यांना कणकेच्या गोळ्या चालतात. वाम दगडांच्या सांदीत, तळाशी असते आणि रात्री बाहेर पडते. तिला गांडूळ लागतं. चिलापी मूळची आफ्रिकेतली, आपल्या देशात १९५२ साली आणलेली, आणि आता जिथं तिथं तीच. तिला लहान गळ आणि काठ.

दुसरं, आपला हात ओळखा. मी ती अवघड रीळ एका मित्राला देऊन त्याची साधी 'स्पिनिंग' रीळ घेतली. तिच्यात दोरा सहसा गुंतत नाही, हलकं आमिषही जातं. व्हिडिओतल्या माणसाची रीळ वाईट नव्हती. ती त्याच्या हाताची होती, माझ्या हाताची नव्हती. आणि ज्याला तासभरच मोकळा मिळतो, त्याला वेळवाची काठी कुठल्याही रिळेपेक्षा बरी.

तिसरं, एका वेळी एकच गोष्ट बदला. गळ, आमिष, जागा आणि वेळ असं सगळं एकदम बदललं, तर मासा कशामुळे लागला हे कधीच कळत नाही. मी एक वही ठेवली आहे. तारीख, पाणी गढूळ की नितळ, आमिष कोणतं, काय मिळालं.

चौथं, पकडीने गळाचा उलटा काटा दाबून टाका. मासा थोडा जास्त सुटतो, पण बोटातून आणि लहान माशाच्या तोंडातून गळ सहज निघतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंड्यांनी भरलेला मासा पाण्याच्या उलट वर चढतो. तेव्हा गळ घरी ठेवा. गावतळ्यात बहुधा मच्छीमार संस्थेचा ठेका असतो. तिथं विचारल्याशिवाय बसू नका, त्यांची पोटं त्यावर आहेत.

आणि पालकांना हात जोडून सांगणं, की मूल एकटं नदीवर सोडू नका. कृष्णा-वारणेत मगरी दिसतात. धरणातून पाणी सोडलं की पातळी बघता बघता वाढते. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण बघितलेत. मोठं माणूस सोबत असेल तरच काठावर, आणि पाण्यात उतरायचं नाही. आमच्या शाळेतला हा नियम मी सगळ्या मुलांना तोंडपाठ करायला लावला आहे.

आता वर्गाकडे येतो.

सोमवारी तो पोरगा शाळेत आला. मी त्याला पुस्तक दिलं नाही. फळ्यावर लिहिलं, 'गळ'. काही न सांगता खाली गळाचं चित्र काढलं. मग 'मरळ'. मग 'कटला', 'वाम'. माझ्या लक्षात आलं, की त्याच्या तोंडातले कितीतरी शब्द बिनकान्याचे किंवा एखाद्या कान्याचे आहेत, अगदी पहिलीच्या पुस्तकात असावेत असे. 'मरळ' हा त्याने चौथीत वाचलेला पहिला शब्द. वाचून झाल्यावर तो मला म्हणाला, "सर, मरळीला हवा घ्यायला वर यावं लागतं." मी म्हणालो, "हे वाक्य तू सांग, मी लिहितो, मग आपण दोघं वाचू." पुढचे दोन महिने आमचं पाठ्यपुस्तक असं तयार होत गेलं. तो सांगायचा, मी लिहायचो, तो वाचायचा.

गणितातही एक गंमत झाली. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो. १० नंबरचा गळ ४ नंबरपेक्षा लहान. वर्गात एक दशांश आणि एक चतुर्थांश यांत मोठा कोण, यावर निम्मा वर्ग चुकला होता. दहा चारापेक्षा मोठे, म्हणून एक दशांश मोठा, असं त्यांचं म्हणणं. हा उठून म्हणाला, "गळावानी हाय ते. नंबर मोठा, गळ बारका." मग मी भाकरीचे चार आणि दहा भाग करून दाखवले, पण खरं उत्तर त्याने आधीच दिलं होतं. त्या दिवशी त्याच्यासाठी वर्गाने टाळ्या वाजवल्या. पालकसभेत हसलेल्या लोकांनीही हे ऐकायला हवं होतं, असं मला वाटून गेलं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही जादू नव्हती. वर्षअखेरीस तो बोट ठेवून एक उतारा वाचू लागला. जोडाक्षरं आली की अजूनही अडखळायचा. आणि हेच मासे मी वर्गातल्या दुसऱ्या एका न वाचणाऱ्या मुलीला दिले, तेव्हा तिने तोंड फिरवलं. तिचं घर माळकरी. माशाचं नावही घरात नाही. मी पुन्हा तीच चूक करत होतो, एकाला लागलेला गळ सगळ्यांच्या पाण्यात टाकत होतो. तिला वाचायला लावलं ते तिच्या आईच्या बचत गटाच्या वहीने. बायकांची नावं, रकमा, सह्या. आपल्या आईचं नाव तिने सगळ्यात आधी ओळखलं.

साडेचार हजारांच्या काठीचंही सांगून टाकतो. ती फुकट गेली नाही. मरळ हा आपल्याकडचा दबा धरून बसणारा मासा, बासच्याच वळणाचा. शेवाळ माजलेल्या एका तळ्यावर, संस्थेला विचारून, एका संध्याकाळी तो रबरी बेडूक शेवाळावरून ओढत आणला आणि मरळीने खालून झडप घातली. म्हणजे साधन खोटं नव्हतं. मी ते चुकीच्या पाण्यात टाकत होतो. माझ्या कपाटातली शब्दकार्डंही मी फेकली नाहीत. ती ज्या मुलांना लागतात, त्यांना लागतातच.

तो मुलगा आता हायस्कूलला आहे. पाचवीत दाखला न्यायला आजोबा आले होते. त्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात, चार लोक उभे असताना, त्यांना म्हणालो, "आबा, त्या सभेत मी बोललो ते चुकलं माझं."

ते म्हणाले, "असू दे गुरुजी. पोरगं वाचाय लागलं न्हवं?"

लोकांसमोर बोललेलं लोकांसमोरच मागं घेतलं, एवढंच समाधान. तरी त्याचे बुडालेले दिवस काही परत आले नाहीत.

तुमच्या वर्गातही असं एखादं मूल असेल, किंवा घरात असेल. त्याच्या नावापुढं शेरा लिहिण्याआधी एक रविवार त्याच्याबरोबर काढा. ते कुठल्या पाण्यात आहे आणि आपण कुठं टाकतोय, तेवढं बघा. बहुतेक वेळा आपण लई लांब टाकत असतो.