ज्याच्या पाठांतरावर आम्ही उत्तीर्ण झालो

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा वसतिगृहात एका खोलीत राहिलेलो आम्ही चौघे बऱ्याच वर्षांनी एकत्र बसलो. कोणाविषयी लिहावे, याचा फार विचार करावा लागला नाही. शाळेच्या एकाही फलकावर ज्याचे नाव नाही, असा आमचा पाचवा सोबती चौघांनाही एकदमच आठवला. नाव छापू नये, या अटीवर त्याने संमती दिली आहे.

तो सोनपेठकडचा. दसरा झाला की आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जात, म्हणून त्याला वसतिगृहात ठेवलेले. पहाटेच्या वंदनेला त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा तो केवळ ऐकून म्हणे, आणि पालीचा एक उच्चार चुकत नसे. भन्तेजी त्यालाच पुढे बसवीत. पुढच्या तासाला मात्र तोच मुलगा मराठीचे पुस्तक हाती येताच घामाघूम होई. घ आणि ध, भ आणि म त्याच्या डोळ्यांपुढे जागा बदलत. 'कि' म्हणताना आधी क उच्चारायचा आणि लिहिताना वेलांटी मात्र आधी काढायची, हे त्याला कधीच पटले नाही. जोडाक्षर आले की वाचन थांबे. 'पंचवीस' सांगितले की तो 52 लिही. तोंडाने पाच आधी येतो, तर हाताने का येऊ नये? बालभारतीने 2019 साली दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असे संख्यावाचन आणले, तेव्हा त्यावर झालेल्या विनोदांना आम्हीही हसलो होतो. मग आमच्यापैकी एकाला तो 52 आठवला.

वर्गाने त्याचे नाव 'ढ' ठेवले. हे अक्षर अशोकाच्या ब्राह्मी लिपीपासून फारसे बदलले नाही, म्हणून न सुधारणाऱ्याला 'ढ' म्हणतात, अशी एक उपपत्ती सांगितली जाते. सम्राट अशोकाचे चित्र भिंतीवर असलेल्या वर्गात आम्ही हे अक्षर त्याच्यावर मारीत होतो.

रात्रीच्या अभ्यासाचा आमचा प्रकार निराळा होता. वीज बहुधा गेलेली असे आणि कंदील एकच. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. तो आपल्या हिरव्या ट्रंकेला टेकून डोळे मिटून ऐके. परीक्षेच्या आदल्या रात्री इतिहासाचा धडा आम्ही त्याच्याकडून म्हणून घेत असू. सनावळी, कारणे, परिणाम सगळे क्रमाने येई. सकाळी तेच आम्ही उत्तरपत्रिकेत उतरवीत असू आणि तो कोरा कागद देऊन बाहेर येई. यात काही अन्याय आहे, असे त्या वयात आमच्या मनाला शिवले नाही.

1996 साली, सातवीनंतर, तो गेला. 'याच्या डोक्यात शिरत नाही, उगाच कशाला बसवता?' असे एका गुरुजींनी वडिलांना सांगितले. वडिलांनी मान हलवली आणि वळकटी बांधली. ट्रंक आम्हीच फाट्यापर्यंत वाहून नेली. एसटी सुटल्यावर, आता खोलीत ऐसपैस झोपता येईल, असे आमच्यातला एकजण म्हणाला. कोण म्हणाला, यावर आमचे आजही एकमत होत नाही.

पुढे आमच्यापैकी एकजण शिक्षक झाला. एका प्रशिक्षणात 'अध्ययन अक्षमता' हा शब्द त्याच्या कानी पडला आणि लक्षणे ऐकता ऐकता त्याला ती ट्रंक दिसू लागली. बुद्धी शाबूत असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत अडखळणारी ही अवस्था आळसातून येत नाही, मारानेही जात नाही. महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला, तो त्याच 1996 साली. आमच्या वसतिगृहापर्यंत ती वार्ता आली नाही. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत ही अक्षमता नव्हती. 2016 च्या कायद्याने ती आपल्या 21 प्रकारांत घेतली. आज अशा मुलाला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळू शकते.

'सवलत' या शब्दाविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. 'सवलतीवर आलेला' हे वाक्य आपल्या समाजातील कित्येकांनी महाविद्यालयात, कचेरीत ऐकले आहे. त्याचा डंख ठाऊक असलेल्या आपणच वाचता न येणाऱ्या मुलाच्या जादा वेळेकडे उपकार म्हणून पाहावे, हे आम्हाला शोभत नाही.

चुल्लपंथकाची गोष्ट आम्ही वर्षावासातील प्रवचनांत अनेकदा ऐकली होती. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरल्या भावानेच, महापंथकानेच, त्याला विहार सोडण्यास सांगितले. पहाटे निघालेल्या पंथकाला तथागतांनी दारात गाठले, हात धरून परत आणले आणि गाथेऐवजी एक स्वच्छ वस्त्र दिले. 'रजोहरणं' म्हणत ते चोळीत राहावयाचे, एवढाच त्याचा अभ्यास. वस्त्र मळत गेले आणि त्याला अनित्यता उमगली. पण अट्ठकथेत याच्याही मागची एक कथा आहे, आणि ती आम्ही फार उशिरा वाचली. पूर्वी एका जन्मी पंथक बुद्धिमान भिक्षू होता आणि पाठांतरात मागे पडलेल्या एका सोबत्याला तो हसला होता. त्या सोबत्याने लाजून शिकणेच सोडले. या कथेत आमची जागा कोणती, हे कोणी सांगण्याची गरज उरली नाही.

तरी या गोष्टीचा एक धोका आहे. पंथक अर्हत झाला. 'तारे जमीन पर'मधील ईशान चित्रस्पर्धा जिंकला. त्यामुळे प्रत्येक मागे पडलेल्या मुलात काही दडलेले रत्न असावे, अशी आपण अपेक्षा करू लागतो. आमच्या सोबत्याची स्मरणशक्ती विलक्षण होती, म्हणून तो आम्हाला आठवतो. त्याच काळात आणखी दोघे-तिघे असेच निघून गेले. त्यांच्यापाशी आमच्या उपयोगाचे काही नव्हते, आणि त्यांची नावेही आज आम्हाला सांगता येत नाहीत.

दुसरा धोका उलट बाजूचा. तांड्यावरून आलेले, घरी गोरमाटी बोलणारे मूल पहिल्या वर्षी मराठी वाचताना अडखळते, ते भाषा नवी असते म्हणून. त्याला घाईने अक्षम ठरवणे हाही अन्यायच. त्यासाठी मुलाच्या घरची बोली कोणती, हे शिक्षकाला माहीत असावे लागते.

शाळेच्या आजच्या चालकांकडे आमचे मागणे मोठे नाही. वर्गात उभे करून वाचायला लावण्याची सक्ती नसावी. तोंडी उत्तराला लेखी उत्तराइतकेच गुण असावेत. रात्रीच्या अभ्यासाला एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे, ही आमची जुनी रीत राहावी. फक्त ऐकणाऱ्याचीही परीक्षा घेतली जावी.

हा मजकूर छापण्यापूर्वी त्याला फोनवर वाचून दाखवला. मध्ये एकदाही न बोलता त्याने तो ऐकला. चार दिवसांनी त्याचाच फोन आला आणि दुसरा परिच्छेद त्याने जवळजवळ जसाच्या तसा म्हणून दाखवला. मग रात्रीच्या अभ्यासाकडे वळून म्हणाला, "ट्रंक हिरवी व्हती रं, निळी नव्हती." वर ती दुरुस्ती केली आहे.