पाणी ओसरतं

श्रावणात गंगा चढली की शिंदे घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. आई आणि मी वरच्या पायरीवर बसतो. समोर रत्नेश्वर महादेवाचं कललेलं देऊळ निम्म्याहून अधिक पाण्यात असतं.

मागच्या वर्षी त्याच्याकडे बघत आईने विचारलं, "दादा, ढोल्या गणपती बुडाला का रे?"

आईचं माहेर वाई. लग्न होऊन ती काशीला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर साठ वर्षं तिने बनारसी हिंदीत भाजी घेतली, भांडणं केली, आम्हाला वाढवलं. आमची मराठी सणावारापुरती. आता तिच्यापुढे गंगेची कृष्णा झाली होती आणि मी तिचा थोरला भाऊ. मामाला जाऊन वीस वर्षं झाली.

मी चिडून म्हणालो, "आई, ही काशी आहे. मी तुझा मुलगा." ती घाबरली. पदर सावरून परक्या माणसापासून सरकावं तशी माझ्यापासून सरकली. ते सरकणं मी विसरलेलो नाही.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना, समुद्रघोड्याच्या आकाराचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी आठवण रुजते ती त्याच्या मदतीने. आईचा तो आक्रसला होता आणि भोवतीच्या द्रवाच्या पोकळ्या रुंदावल्या होत्या. "सिकुड़ गया है," डॉक्टर म्हणाले, जणू धुतलेल्या कापडाबद्दल बोलत होते.

घरी येऊन मी वाचत बसलो. १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात आलोइस अल्झायमर या डॉक्टरांकडे आउगुस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई आली. १९०६ मध्ये ती गेली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर साचलेले पुंजके होते, आत धाग्यांचे गुंते. आज त्यांतल्या प्रथिनांना अमायलॉइड आणि टाऊ म्हणतात. विस्मरण दिसू लागण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून ती साचत असतात. म्हणजे आई दिवाळीला अनारसे मोजून देत होती, तेव्हाही आत हे चाललेलं असणार.

हिप्पोकॅम्पस लवकर झिजतो, म्हणून सकाळचं जेवण दुपारी आठवत नाही. बालपण मात्र मेंदूच्या सालीत दूरवर पसरून मुरलेलं असतं, ते जास्त तग धरतं. काही रुग्णांमध्ये मागाहून शिकलेली भाषाही आधी निघून जाते. आईची हिंदी तशी गेली. भाजीवाला आला की ती आत पळते. उरली ती वाईची मराठी, तीही शाळकरी मुलीची.

मग मला तिच्याशी बोलायला मराठी शिकावी लागली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आईकडूनच.

रत्नेश्वराच्या देवळाला इथले लोक मातृऋण म्हणतात. कुणा मुलाने आईसाठी ते बांधलं आणि 'ऋण फिटलं' म्हणताच ते कललं, अशी कथा सांगतात. मला जास्त पटतं ते दगडांच्या भाराचं कारण. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला हा घाटही भारानेच खचला होता आणि पुन्हा बांधावा लागला. तरी आईला हाताला धरून उतरवताना ती कथा आठवते.

परवा पुन्हा तोच प्रश्न आला. "दादा, गणपती बुडाला का?"

वाईच्या त्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. हे मला आईनेच लहानपणी सांगितलं होतं.

"नाही गं," मी म्हणालो. "मागे माशाची भिंत आहे ना? थोडं थांब, पाणी उतरून जाईल."

तिने माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी तिच्या कपाळावर ती जुनी आठी पडली.

"उतरून जाईल काय? पाणी ओसरतं म्हणावं."

"ओसरेल," मी म्हणालो.