जुन्या इंजिनांची परीक्षा

वयाची साठी उलटल्यावर खेळण्यांतल्या आगगाडीचीं इंजिनें तपासून त्यांचें खरेंखोटें ठरविण्याचा प्रसंग आपणांवर येईल, असें आम्हांस स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. आमचे वडील बंधु 1978 सालीं अमेरिकेस गेले व ओहायो प्रांतांत स्थायिक झाले. गेल्या वर्षीं ते निवर्तले. वहिनींना घर मोकळें करावयाचें होतें, म्हणून आम्ही तीन महिने तेथें जाऊन राहिलों. तळघरांत एका लांबरुंद फळीवर रुळांचें जाळें आणि कपाटांत छोटीं डिझेल इंजिनें निघालीं, एकूण 41. प्रमाण 1:87, रुळांमधील अंतर 16.5 मिलिमीटर. एका व्यापाऱ्यानें सगळ्यांची एकगठ्ठा किंमत सांगितली. डबा शाबूत व रंग चकचकीत दिसला कीं त्याची मान डोले; इंजिन रुळावर ठेवून पाहण्याची तसदी त्यानें घेतली नाहीं. तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावोजी, यांतलीं चांगलीं कोणतीं तें तुम्हीच पाहा. दहा ठेवूं, बाकीचीं देऊन टाकूं."

इंजिन किती वेगानें धांवतें हें पाहणें व्यर्थ होय. बारा व्होल्टची वीज मिळाली म्हणजे बहुतेक सगळींच धांवतात. खरी कसोटी मंदगतीची. वीज अगदीं हळूहळू वाढवीत न्यावी. जें धक्का न देतां निघतें, मुंगीच्या पावलानें हातभर रूळ ओलांडतें, आणि वीज काढून घेतल्यावर तत्काळ न अडखळतां दोन बोटें पुढें सरकून थांबतें, तें उत्तम. हें सरकणें मोटारीच्या दांड्यावर बसविलेल्या पितळी जडचक्राची करामत असते.

मग इंजिन उलटें करून पाहावें. मोटारीच्या दोन्ही टोकांकडून निघालेले दांडे पुढच्या व मागच्या अशा दोन्ही बोगींचीं सर्व चाकें फिरवीत असतील, तर ओढ भरंवशाची. हलक्या इंजिनांत मोटार एकाच बोगींत कोंबलेली असते; दुसरी नुसती घरंगळत येते. ओढ वाढावी म्हणून कांहीं चाकांस रबराचीं कडीं घालतात खरीं, परंतु त्या चाकांतून वीज येत नाहीं. म्हणजे एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें काढून घेतलें! 1950 च्या दशकाच्या अखेरच्या कांहीं इंजिनांत दांत्यांच्या चाकांऐवजीं चक्क रबरी फितीच आहेत. तीं सुटतात बाणासारखीं. हळू चालणें त्यांच्या गांवींहि नाहीं.

कॅलिफोर्नियांतील अथर्न कारखान्याचीं निळ्या डब्यांतलीं इंजिनें आम्हांस वजनदार व दणकट वाटलीं. आवाज मात्र जात्यासारखा. आंतली मोटार रुंद, म्हणून त्यांतील कित्येकांचें वरचें आवरणहि मापाहून किंचित् रुंद केलेलें आहे. काटेकोर लोक त्यावर नाक मुरडतात. आम्हांस तें क्षम्य वाटलें. परंतु 1980 च्या दशकांत जपानच्या काटो कारखान्यानें अॅटलासच्या नांवासाठीं जीं यंत्रें बनविलीं, त्यांची सर कशासहि नाहीं. त्यांतलें 'आर. एस. 3' रुळावर ठेवलें आणि आम्ही क्षणभर दौंडच्या फलाटावर जाऊन उभे राहिलों. मूळ 'आर. एस. 3' हें स्केनेक्टडीच्या अल्को कंपनीचें. आणि 1962 सालीं 'डब्ल्यू. डी. एम. 2' जातीचीं पहिलीं इंजिनें भारतांत आलीं तीं त्याच कंपनीचीं. पुढें तीं वाराणसीस होऊं लागलीं. शाळा बुडवून दादानें व आम्हीं मोजलेलीं तीं हींच.

आतां आमच्या चुकीची गोष्ट. पहिल्या दिवशीं सात इंजिनें जागचीं हललींच नाहींत. कांहीं नुसतीं कण्हलीं. आम्हीं वहींत त्यांच्यापुढें शून्य मांडलें. पस्तीस वर्षांची संवय! त्याच शनिवारीं तीं शेजारच्या चर्चच्या धर्मादाय विक्रीस गेलीं. चार दिवसांनीं कपाटाच्या तळाशीं दादाची टिपणवही सांपडली. प्रत्येक इंजिन केव्हां घेतलें व त्यास तेल केव्हां दिलें, याची मराठींत नोंद. त्या सातांस 1991 नंतर तेलाचा थेंब मिळालेला नव्हता. अशाच एका आठव्यास आम्हीं उघडलें, तों आंतलें वंगण लाखेसारखें घट्ट झालेलें. तें मद्यार्कानें पुसून काढलें, प्लॅस्टिकला न बाधणारें तेल दोन थेंब दिलें, दोन्ही दिशांस अर्धा अर्धा तास फिरविलें. संध्याकाळीं तें मुंगीच्या पावलानें हातभर चाललें. दुसरें एक प्रत्येक फेऱ्यास टक् टक् करी. त्याच्या आंसावरचें प्लॅस्टिकचें दांतेरी चाक तडकलें होतें. नवें बसवितांच तेंहि गप्प झालें.

आम्हीं वहिनींना सर्व सांगितलें. त्यांनीं वही मागून घेतली, पहिलें पान उघडलें आणि विचारलें, "तांबडें-रुपेरी होतें का हो त्यांत? 1980 चें?" होतें. दादाची ती पहिली खरेदी. त्या कांहींच बोलल्या नाहींत. उठून पायांत जोडे घातले.

चर्चमधील टेबलें केव्हांच आवरलीं होतीं. तेथल्या बाईंनीं सांगितलें कीं, दहा वर्षांच्या एका मुलानें सातहि इंजिनें नेलीं. त्याचें नांव ठाऊक नाहीं, पण रविवारीं तो येतो. आम्हीं त्यांच्यापाशीं तेलाची बाटली आणि एक चिठ्ठी ठेवली. आधीं काय पुसावें, तेल कोठें द्यावें व किती थेंब, एवढेंच तींत लिहिलें होतें. खालीं दादाचें नांव वहिनींनीं आपल्या हातानें घातलें.