स्तुत्य उपक्रम

हस्तलिखिताची प्रत एकच असायची. आजच्या मुलांना हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "मग बाकीच्यांनी वाचायचं कसं?" बाकीच्यांनी नंबर लावायचा. अंक मॉनिटरच्या ताब्यात, एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकणारा. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही, आणि पान उलटायला बोटाला थुंकी लावलीच तर पाठीत धपाटा. सत्तरच्या दशकात आमच्या सातारा-सांगलीकडच्या हायस्कुलांतून वर्षाला असा एक अंक निघायचा. 'अंकुर', 'फुलोरा', 'उमलत्या कळ्या' अशी त्याची नावं. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचे अंक एका टेबलावर मांडले असते, तर अंकुर आणि कळ्यांचा ढीग झाला असता. पुरतं उमललेलं फूल एकाही शाळेला सापडलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपली की फळ्यावर सूचना यायची. कथा, कविता, विनोद, कोडी वर्गशिक्षकांकडे द्यावीत. साहित्य स्वतःचे असावे. या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा असत आणि त्या लागतच. 'चांदोबा' गावात दोन-तीन घरीच यायचा, तरी त्यातला वेताळ निम्म्या शाळेच्या गोष्टींत कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर बसलेला असे. बालभारतीनं १९७१ च्या दिवाळीत 'किशोर' सुरू केला आणि तो शाळेत येऊ लागला, तशी उतरवून काढायची आणखी एक सोय झाली. पण मराठीचे सर दोन्ही मासिकं वाचायचे. रागवायचे नाहीत. कागद हातात घेऊन नुसतं विचारायचे, "कुठल्या महिन्याचं?" मुलगा महिना सांगून मोकळा व्हायचा.

गाळून उरलेलं साहित्य अक्षर चांगलं असलेल्या एखाद्या मुलीकडे जाई. ती बहुतेक नववीतली, कारण दहावीला वेळ नाही आणि आठवीतल्यांचा भरवसा नाही. चित्रकलेच्या खोलीत बसून ती टाकानं, काळ्या शाईनं सबंध अंक लिहून काढायची. आधी शिसपेन्सिलीनं पुसट रेघा, मग अक्षरं, मग खोडरबरानं रेघा पुसायच्या. पानांच्या कडेला तुषारकाम असे. कागदावर पिंपळाचं पान ठेवायचं, दात घासायचा जुना ब्रश रंगात बुडवायचा आणि कंगव्यावर घासायचा. रंगाचे बारीक थेंब उडत. पान उचललं की त्याच्या आकाराचा कोरा कागद खाली उरायचा. हे जमलं की मुलं आनंदानं ओरडत. बिचाऱ्या लेखकाच्या गोष्टीवर असं कुणी ओरडल्याचं मला आठवत नाही. शेवटी तालुक्याच्या बाइंडरकडून रेक्झिनची पाठ लावून अंक यायचा आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते त्याचं प्रकाशन व्हायचं.

हाताने लिहिलेल्या अंकांचा विषय निघाला की सर साने गुरुजींवर यायचे. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. वसतिगृह त्यांच्याकडे होतं, आणि तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. 'विद्यार्थी' हे मासिक त्यांनी १९२८ मध्ये काढलं, ते बाहेर गेलं. पण दैनिक त्या वसतिगृहातल्या पोरांपुरतंच. सर हे सांगताना 'दैनिक' या शब्दावर जोर देत, कारण आमचा वार्षिक अंक काढतानाच त्यांच्या नाकी नऊ आलेले असायचे. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. त्या दैनिकाचा वाचक ठरलेला होता. सकाळी उठून ते वाचणारी मुलं गुरुजींच्या डोळ्यांसमोर होती. आमचा अंक मात्र कुणासाठी निघे, हे विचारलं तर खरं उत्तर 'तपासणीसाठी' असंच होतं.

आणि तपासणीसाठी म्हटलं की लाल शाई आली. मी त्या संपादक मंडळात होतो, म्हणून मूळ कागद पाहायला मिळाले. आठवीतल्या, मळ्यात राहणाऱ्या एका मुलानं लिहिलं होतं: 'आमची म्हस व्याली तवा मी शाळंत आलो न्हाई. रातभर कंदील धरून हुबा व्हतो. आण्णा म्हनलं, हलू नगं.' अंकात ते असं आलं: 'आमची म्हैस व्यायली तेव्हा मी शाळेत येऊ शकलो नाही. रात्रभर कंदील घेऊन मी उभा होतो. वडील म्हणाले, "बाळ, स्तब्ध उभा राहा."' मळ्यातल्या गोठ्यात, रात्री दोन वाजता, अडलेल्या म्हशीपाशी बसलेला शेतकरी मुलाला 'बाळ, स्तब्ध' म्हणतो! वर शेवटी सरांच्या पदरचं वाक्य होतंच, मुक्या प्राण्यांवर दया करावी. सरांना नावं ठेवायला जीभ रेटत नाही. शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत बसून, कागदाचे पैसे खिशातून घालून ते अंक काढायचे. पोरांनी शुद्ध लिहिलं तर ती पुढे जातील, असं त्यांना मनापासून वाटायचं. पण अंकातल्या सगळ्या मुलांची भाषा शेवटी एकाच माणसाची व्हायची, आणि तो माणूस पंचेचाळीस वर्षांचा होता.

अंकाच्या शेवटी काही पानं कोरी सोडलेली असत. वर नक्षीत 'अभिप्राय'. ती पानं आज वाचली की हसू येतं. शिक्षणखात्याचे साहेब लिहितात, 'स्तुत्य उपक्रम. मुलांच्या सुप्त गुणांना वाव मिळतो.' खाली सही, तारीख, शिक्का. त्याखाली साखर कारखान्याचे एक संचालक, 'वरीलप्रमाणेच.' आणखी एक स्तुत्य, आणखी एक वाव. अंक उघडल्याची खूण एकातही नाही. त्या पानांवर खरं वाचून लिहिलेलं एकच वाक्य होतं, तेही शिसपेन्सिलीचं. कपाटाच्या किल्ल्या शाळेच्या शिपायाकडे असायच्या. तो रात्री अंक घरी नेऊन वाचायचा. त्यानं लिहिलं होतं, 'म्हशीला काय झालं? रेडी का रेडा?' हेडमास्तरांच्या नजरेस पडल्यावर ते खोडलं गेलं. दाबून लिहायची सवय असल्यामुळे कागदावर वळ मात्र राहिले.

आता माझी भाची पुण्यात सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम करते. त्यांच्या वर्गात गोल करून बसतात. एकाचं लेखन सगळ्यांनी आधीच वाचलेलं असतं, आणि चर्चा चालू असताना लेखकानं तोंड उघडायचं नाही. ही रीत अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातली. तिथली लेखन कार्यशाळा १९३६ पासूनची. लेखकानं गप्प बसायचं हे ऐकून मी म्हटलं, आमच्याकडे हे आयोवाच्याही आधीपासून असणार, फक्त आम्ही उभे राहून गप्प बसायचो. तिला ते तितकंसं आवडलं नाही.

तिला मुलांसाठीच्या, आणि त्याहून मुलांच्या लेखनावर काम करायचं होतं. मी जपून ठेवलेला तो अंक आणि मूळ कागद तिनं मोबाईलवर टिपून नेले. पंधरवड्यानं फाईल आली. प्रत्येक गोष्टीच्या समासात तिच्या टिपा. 'छान' कुठंच नाही. कोड्यांच्या पानावर, 'उत्तर उलटं छापायची कल्पना कुणाची? हाताने उलटं लिहिणं सोपं नव्हे.' वेताळाच्या एका गोष्टीवर, 'इथपर्यंत उसनं, पण वेताळाला तंबाखू लागते हे याचं स्वतःचं.' आणि म्हशीपाशी तीन ओळी होत्या. 'कंदील धरलेला मुलगा रात्रभर काय बघत होता? दया करावी, हे वाक्य त्याचं वाटत नाही. मामा, वासराचं पुढं काय झालं?' म्हशीच्या पिल्लाला रेडकू म्हणतात हे या शहरी मुलीला ठाऊक नव्हतं. पण जे शिपायाला दिसलं तेच तिला दिसलं. पदवीच्या अभ्यासक्रमानं माणसाला शिपायाइतकं वाचता येत असेल, तर फी वाया गेली नाही असं मी म्हणेन, आणि हे मी चेष्टेनं म्हणत नाही.

मी त्या मुलाला फोन लावला. मुलगा म्हणजे आता नातवंडांचा आजा. त्याचा मोठा गोठा आहे, दूध डेअरीला घालतो. प्रश्न सांगितला तर आधी खूप हसला. मग म्हणाला, "रेडा झाला. त्यात लिवायचं काय हुतं?" रेडी असती तर तीन-चार वर्षांनी दुधाला आली असती. रेड्याचा काय उपयोग? पेंडीची उधारी त्या वेतावर फेडायची ठरली होती. दूध मिळेल तेवढं मिळणार, पण घरात मोजलेली रेडी गेली. आण्णा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. त्यानं हे सगळं धडाधड सांगितलं. लाल शाईच्या जागी कुणी एक प्रश्न लिहिला असता तर ही गोष्ट तेव्हाच कागदावर आली असती. लिहिणारा तयार होता.

हल्ली मुलांचं लेखन शेऱ्यावाचून अडत नाही. मे महिन्यात शिबिर असतं, शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलाचं पुस्तक, आयएसबीएन क्रमांकासकट. प्रकाशनाला केक, पालकांचे फोटो, सहभागाचं प्रमाणपत्र. कागद गुळगुळीत, चित्रं रंगीत, प्रती हव्या तितक्या. मला या थाटाचा राग नाही. आपल्या नावाचं पुस्तक हातात आल्यावर मुलाचा चेहरा होतो तो आमच्या अक्षरवालीचा कधी झाला नाही, कारण तिचं नाव अंकात शेवटच्या पानावर 'लेखन साहाय्य' म्हणून बारीक अक्षरात असे. पण गंमत पुढे असते. सोसायटीच्या ग्रुपवर पुस्तकाची फाईल पडली की अर्ध्या मिनिटात टाळ्यांचे हात आणि 'खूप छान बेटा' सुरू होतं. ती फाईल डाउनलोड व्हायलाच तेवढा वेळ लागतो. साहेबांचा शिक्का तेवढा गेला, वरीलप्रमाणेच मात्र चालू आहे.

लाल शाई गेली असं वाटतं, तीही पुरती गेलेली नाही. खेड्यातल्या शाळेत मुलं मोबाईलला गोष्ट सांगतात आणि मोबाईल ती टाइप करतो. ज्याचा हात लिहिताना अडखळतो त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. पण पोरगं 'शेरडू' म्हणालं की यंत्र बिचकतं आणि भलतंच काही लिहून ठेवतं. मुलगा दोनदा सांगून पाहतो आणि तिसऱ्यांदा 'बकरी' म्हणतो. सर निदान मुलानं लिहिलेलं वाचून तरी बदलत. आता एआयला निबंध दिला की तो सुबक, गोड, दया करावीच्या चालीवर परत येतो. पूर्वी हेच काम निबंधाची गाईडं करायची, तेव्हा नव्यानं घाबरण्यासारखं त्यात फार नाही. मात्र आळस आता फुकट मिळतो.

उलट काही गोष्टी आज कितीतरी बऱ्या आहेत आणि त्या न सांगणं लबाडीचं होईल. 'किशोर'चे जुने अंक आता घरबसल्या फुकट वाचता येतात, म्हणजे सरांसारखं महिना विचारायलाही नको. भोपाळच्या एकलव्य संस्थेचं हिंदी 'चकमक' १९८५ पासून निघतं. त्यात 'मेरा पन्ना' हे सदर मुलांच्याच लेखनासाठी आणि चित्रांसाठी आहे, आणि ते वाचताना मोठ्या माणसाचा हात फिरल्यासारखा वाटत नाही. बोलीत लिहिलेलं छापायला आज आपल्याकडेही पूर्वीइतकी लाज वाटत नाही. भाचीनं मला डेझी ॲशफर्डची गोष्ट सांगितली. या इंग्रज मुलीनं १८९० मध्ये, नऊ वर्षांची असताना, एक सबंध कादंबरी वहीत लिहिली. ती छापली गेली १९१९ मध्ये, बाई चाळिशीकडे झुकल्यावर, आणि प्रकाशकानं शुद्धलेखनाच्या चुका जशाच्या तशा ठेवल्या. प्रस्तावना 'पीटर पॅन'वाल्या जे. एम. बॅरींची, म्हणून पुष्कळांना वाटलं की हे सगळं बॅरींनीच लिहिलंय. मुलांच्या लिहिण्याचं नशीब पाहा. आमच्याकडे सर मुलाच्या नावावर लिहायचे आणि लोक मुलाला शाबासकी द्यायचे. तिथे मुलीनं लिहिलं तर श्रेय बॅरींना.

सध्या भाची आमच्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत चौथीच्या मुलांची पुस्तिका करते आहे. गुरुजींशी तिचं दोनदा वाजलं. ते म्हणतात, "चुका तशाच छापल्या तर पालक मला विचारतील, तुम्ही काय शिकवता?" त्यांचं चुकीचं नाही, नोकरी त्यांना करायची आहे. शेवटी तडजोड अशी झाली की मुखपृष्ठ आणि शीर्षकं प्रमाण मराठीत, आत जसं आलं तसं. आणखी एक नियम तिनं घातला. मुलांनी एकमेकांचं वाचायचं आणि खाली छान-बिन न लिहिता एक प्रश्न लिहायचा. ते कागद मी पाहिले. 'साप मेला का पळाला?' 'तुझी आजी रागवल्यावर कुठं जाऊन बसती?' 'हे खरं हाय का?' 'तू मला का न्हाई घेतलं गोष्टीत?' प्रश्नाखाली लेखकानं उत्तर द्यायचं असतं. बहुतेकांनी दिलंय, काहींनी गोष्टीपेक्षा लांब दिलंय. एका मुलीनं मात्र आपल्या गोष्टीखालच्या प्रत्येक प्रश्नापुढे एकच ओळ लिहून ठेवलीय, पुढच्या पुस्तकात वाचा.