वाटीचं तोंड

तारकर्लीहून देवबागला जाताना एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमची खानावळ. मुंबईच्या नणंदेने घर बदलताना तिचं जुनं डिशवॉशर आम्हाला दिलं. पहिल्याच दिवशी ताटं लखलखीत निघाली, वाट्यांत मात्र सोलकढीचा पांढरट थर तसाच. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणून मी पाणी ६० अंशांवर नेलं. पावडर बदलली. थर हलेना.

भांड्यांना बसणाऱ्या काकींनी रॅक बाहेर ओढला आणि म्हणाल्या, "अगो बाय, हेच्यात पाणी जातला खंयसून?"

खरंच होतं. खालची नळी गरगर फिरते, पण फवारा सरळ रेषेतच उडतो. वाटेत ताट आलं की त्यामागची वाटी कोरडी. शिवाय त्या खुंट्या सपाट बशांसाठी बेतलेल्या. आमच्या खोलगट वाट्या त्यांवर कलंडून एकमेकींत शिरत. मग मला जोसेफिन कॉक्रेन आठवल्या. या अमेरिकन बाईंनी आधी आपली भांडी मोजली, त्या मापाचे तारेचे कप्पे केले आणि मग त्यांवर पाण्याचा मारा केला. पेटंट १८८६चं, १८९३च्या शिकागो प्रदर्शनात त्यांचं यंत्र मांडलं होतं. मला त्यांचा हा क्रम फार मोलाचा वाटतो: आधी भांडं, मग यंत्र.

मीही पट्टी घेतली. वाटीचं तोंड ८ सेंटिमीटर. पक्कडीने खुंट्या वाकवल्या, तिथे तारेवरचं प्लास्टिक तडकलं. खारा वारा बाराही महिने. पावसाळा सरायच्या आत ताटांवर गंजाचे तांबडे ठिपके. ती चूक माझीच. दुसऱ्या खेपेला मूळ रॅकला हात न लावता स्टीलच्या तारेची वेगळी जाळी केली. वाटी पालथी, पण तिरपी. तोंड मधल्या फवाऱ्याकडे आणि बूड जरा कललेलं, म्हणजे बुडाच्या खळग्यात पाणी साचत नाही.

आता रॅक काकीच भरतात. धुऊन झालं की वाटीच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवतात. करकर आवाज आला तर ठीक, अंगठा निसटला तर वाटी परत आत. परात मात्र त्या यंत्रात घालू देत नाहीत. ती आडवी आली की वरच्या सगळ्या वाट्या उपाशी राहतात. परात मोरीत, नारळाच्या शेंडीने.