सासूबाईंचा मोगरा

लग्न होऊन मी इंदूरला आले. अंगणातली काळी माती पावसाळ्यात चपलांना चिकटायची, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. ती मोकळी व्हावी म्हणून सासूबाईंच्या मोगऱ्याभोवती मी थोडी वाळू मिसळली. माती वाळताच विटेसारखी घट्ट झाली आणि पुढच्या पावसात मुळाशी पाणी साचून माहेरून आणलेला तो मोगरा कुजला. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

अल्बर्ट हॉवर्ड आणि वाड यांनी याच शहरात विकसित केलेली कंपोस्टची पद्धत १९३१ साली पुस्तकरूपाने जगापुढे आली. तीच धरली. पालापाचोळा, शेण, थोडी माती व राख यांचे थर रचले, ओल ठेवली, ढीग अधूनमधून वरखाली केला. तीन महिन्यांत खत तयार झालं. वाफा वीतभर उंच केला, ताग पेरून फुलण्याआधीच मातीत गाडला. ओल्या मातीत कुदळ घालायची नाही, हेही शिकले.

तिसऱ्या वर्षी मातीत गांडुळं दिसली. मामांकडून त्याच मोगऱ्याची फांदी मागवून लावली. पहिली कळी आली तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता रुजला गं!"